उठवू नकोस

बोलता बोलता सानिका मगदूम गप्प झाली. कोचावर आडवी पडून ती बराच वेळ मामाच्या मळ्यातल्या विहिरीबद्दल सांगत होती. विहिरीवरून तिला कासवं आठवली, कासवांवरून लांब मानेच्या गणिताच्या बाई, बाईंवरून दुपारची शाळा, शाळेवरून सुट्टीतली दुपार, दुपारवरून घरातली शहाबादी फरशी. फरशीपाशी येऊन शब्द संपले.

डॉ. प्रज्ञा उपाध्ये तिच्या डोक्यामागे, तिला दिसणार नाही अशा खुर्चीत बसली होती. मिरजेत मानसोपचार करता करता तिचे केस पिकले होते. मुक्त साहचर्याची पद्धत तिच्या हाडीमांसी खिळलेली होती. रुग्णाने आडवं व्हायचं आणि मनात येईल ते, वेडंवाकडं, लाजिरवाणं, चाळणी न लावता बोलायचं. एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो. आणि जिथे धागा अचानक तुटतो, तिथेच जवळपास काहीतरी पुरलेलं असतं. अशा वेळी डॉक्टरने घाई करायची नसते. गप्प बसायचं असतं.

पूर्वी प्रज्ञा अशी गप्प बसत असे. आता ती मांडीवरच्या पडद्याकडे बघत असे. पडद्यावर करडी अक्षरं उमटत होती.

फरशी गार. झोपलीय. छाती हलत नाही. उठवू नकोस. कुणाला सांगू नकोस.

प्रज्ञाने त्या ओळी पुन्हा वाचल्या. सानिका भूलतज्ज्ञ होती. समोरच्याच इस्पितळात ती रोज माणसांना झोपवत होती आणि उठवत होती.

"काय चाललंय मनात?" प्रज्ञाने विचारलं.

"काही नाही, मॅडम," सानिका म्हणाली. "छताकडे बघत होते."

*

त्या यंत्राचं नाव मूकलेख. गळ्याभोवती बांधायची एक मऊ पट्टी आणि एक पडदा, एवढाच त्याचा पसारा. आपण मनातल्या मनात बोलतो, तेव्हा मेंदू जिभेला, जबड्याला, स्वरयंत्राला बोलण्याचा हुकूम सोडतो आणि अर्ध्या वाटेतून परत घेतो. ओठ हलत नाहीत, पण त्या स्नायूंमधून विजेची एक बारीकशी लहर जाऊन गेलेली असते. पट्टीतले संवेदक ती लहर टिपतात. माणूस मोठ्याने बोलतो तेव्हा कोणत्या शब्दाला कोणती लहर उठते, हे यंत्र पहिल्या काही बैठकांत शिकून घेतं आणि मग शांततेत तेच शब्द ओळखायला लागतं. मोठ्याने बोलणं चालू असताना मात्र ते बहिरं असतं. खऱ्या आवाजाच्या लाटेत ती बारीक लहर बुडून जाते.

आणखी एक गोष्ट त्याला कळत नाही. शब्द कुणाचे, हे त्याला सांगता येत नाही. आपण स्वतःशी बोलतोय, की दुसऱ्या कुणाचं बोलणं आपल्याला आठवतंय, की कालच्या जाहिरातीतली ओळ डोक्यात घोळतेय, त्याला सगळं सारखंच.

इस्पितळाने आपल्या सगळ्या डॉक्टरांच्या समुपदेशनासाठी हे यंत्र सक्तीचं केलं होतं. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि बारीक अक्षरातलं कुणीच वाचलेलं नव्हतं. पट्टी गळ्यावरचा ताण मोजते, अशीच सानिकाची समजूत होती. प्रज्ञाने ती दूर केली नव्हती. सांगितलं तर माणसं मोकळेपणाने गप्प राहणार नाहीत, असं तिने स्वतःला पटवलं होतं. यंत्राबरोबर नियमही आला होता. दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर डॉक्टरने ते इस्पितळाच्या जोखीम समितीला कळवायचं.

त्या दिवशी प्रज्ञाने कळवलं नाही. पाच वाक्यांवरून कुणाचं आयुष्य मोडायचं नसतं, हे ती विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आली होती.

संध्याकाळी जेवताना तिचा नवरा भरतेश म्हणाला, "ऑपरेशनची तारीख मिळाली. येत्या सोमवारी." त्याच्या पित्ताशयात खडे झाले होते. गेला महिनाभर तो आमटी-भातावर दिवस काढत होता. "भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आज इस्पितळात तपासलं. मगदूम म्हणून आहेत. चांगली वाटली पोरगी. शांत आहे एकदम."

प्रज्ञाच्या हातातला घास हातातच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. आपणही तेच उत्तर दिलं, हे तिच्या लक्षात आलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, रुग्ण यायच्या आधी, प्रज्ञाने दवाखान्याचं दार आतून लावून पट्टी स्वतःच्या गळ्याला बांधली. यंत्राला तिचा आवाज ओळखीचा होता. सरावासाठी तिने ते स्वतःवर आधी चालवून पाहिलं होतं, पण तेव्हा ती जपून, निवडून विचार करत होती. आज ती कोचावर पडली, डोळे मिटले आणि मन सोडून दिलं. मग उठून पडदा हातात घेतला.

भरतेश उठला नाही तर. घर विकायचं. पुण्याला जायचं. एकटीने. खिडकीशी टेबल. कुठे गेली होतीस असं कुणी विचारणार नाही.

ती बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिली. या माणसाबरोबर तिचा संसार सुखाचा झाला होता. त्याच्या पोटात दुखायला लागलं की तिला झोप यायची नाही. आणि तरीही हे शब्द तिचेच होते. म्हणजे मनात येणं वेगळं आणि करणं वेगळं, या गोष्टीचा पुरावाच तिच्या हातात होता. सानिकाच्या त्या वाक्यांचंही तसंच असणार, असं म्हणून तिने निर्धास्त व्हायला हवं होतं.

पण भीती अशी समजावून जात नाही. तिच्या डोळ्यांपुढे टेबलावर निजलेला भरतेश येत होता. त्याच्या तोंडावरचा मास्क, त्याच्या उशाशी उभी असलेली शांत पोरगी, आणि तिच्या मनात चाललेलं ते वाक्य. ओळी पुसून प्रज्ञाने सानिकाला फोन केला आणि शुक्रवारची बैठक लावली.

शुक्रवारी सानिका आली, पट्टी बांधून आडवी झाली आणि झोप अजून लागत नाही म्हणून सांगू लागली. प्रज्ञाचं कान देऊन ऐकणं होतच नव्हतं. सानिका कधी थांबते, याचीच ती वाट बघत होती. सानिका थांबली. पडद्यावर पुन्हा तेच आलं. फरशी गार. झोपलीय. उठवू नकोस.

आणि प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं, "कोण झोपलंय, सानिका?"



"मी असं काही बोलले नाही," सानिका म्हणाली.

ती हळूच उठून बसली. मागे वळली. तिची नजर प्रज्ञाच्या चेहऱ्यावरून मांडीवरच्या पडद्याकडे गेली. तिचा हात गळ्याशी गेला, पण पट्टी सोडवायचं तिला सुचलं नाही. पडद्यावर अक्षरं धडाधड येऊ लागली. वाचतेय. ही वाचतेय. विचार करू नकोस. करू नकोस. बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. करू नकोस.

प्रज्ञाने पडदा पालथा केला. एवढं भ्यालेलं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. "सानिका, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"किती दिवस वाचताय?"

"सुरुवातीपासून."

सानिकाने पट्टी ओढून काढली. गळ्यावर लाल वण उमटला. दारापाशी जाऊन ती थांबली. "सोमवारी तुमच्या मिस्टरांना भूल मीच देणार आहे," ती म्हणाली. "म्हणून विचारलंत ना?"

तिच्या आवाजात धमकी होती की दुखावलेपण, प्रज्ञाला कळेना. तिला फक्त शब्द ऐकू आले होते. आवाज ऐकायची सवय मोडली होती.

*

प्रज्ञा रविवारपर्यंत तगमगत राहिली. अखेर तिने इस्पितळाचे अधीक्षक डॉ. सदलगे यांना फोन लावला.

"सर, एक विनंती होती. उद्या भरतेशच्या ऑपरेशनला भूल देणारे डॉक्टर बदलता येतील का?"

"का हो? मगदूम आहे ना? चांगली आहे ती."

"चांगलीच आहे. कारण विचारू नका, प्लीज."

 "ती तुमच्याकडे उपचाराला येते, नाही का?"

प्रज्ञा काही बोलली नाही. नाही म्हणणं खोटं होतं आणि हो म्हणायचा तिला अधिकार नव्हता.

"मूकलेखात काही आलं का?"

ती गप्पच राहिली. सदलग्यांना यंत्राची गरज पडली नाही.

"समजलो," ते म्हणाले.

सोमवारी भरतेशला भूल दुसऱ्याच डॉक्टरने दिली आणि ऑपरेशन सुखरूप पार पडलं. दुपारी शुद्धीवर आल्यावर त्याने आधी चहा मागितला. प्रज्ञा त्याचा हात धरून बसली असताना तिच्या फोनवर समितीचा निरोप आला. डॉ. मगदूम यांना कामावरून दूर केलं होतं. त्यांच्या बैठकांचे सगळे मूकलेख समितीने ताब्यात घेतले होते. ज्याच्या जिवाला धोका होता तो रुग्ण म्हणून भरतेशचंही नाव नोंदवलं गेलं होतं, आणि प्रज्ञाला साक्षीला बोलावलं होतं.

सानिका फोन उचलत नव्हती. प्रज्ञाला आता वेगळीच भीती वाटू लागली. भूलतज्ज्ञाच्या हाताशी काय काय औषधं असतात, ते तिला माहीत होतं. ती तडक सांगलीला सानिकाच्या घरी गेली.

दार एका वाळक्या अंगाच्या म्हाताऱ्याने उघडलं. "मी सानिकाचा वडील," तो म्हणाला. "या की, आत या. इस्पितळातल्या काय तुम्ही? पोरगी दोन घास खाईना बघा. काय झालंय ते सांगंना."

सानिका आतून आली. तिने प्रज्ञाकडे बघितलं, मग वडिलांकडे. "आप्पा, आम्ही जरा खाली जाऊन येतो."

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांपाशी त्या उभ्या राहिल्या. प्रज्ञाजवळ ना पट्टी होती ना पडदा. तिने माफी मागायला तोंड उघडलं, पण सानिकाने हात वर केला.

"तुम्ही विचारलंत ना, कोण झोपलंय. आई." ती दोरीवरच्या एका टॉवेलाकडे बघत बोलत होती. "मी सहा वर्षांची होते. आईला साखरेचा आजार होता, इन्शुलिन घ्यायची. त्या दिवशी सकाळी साखर उतरून ती फरशीवरच आडवी झाली. आप्पा कामाला निघाले होते. म्हणाले, आई दमलीय, झोपू दे, उठवू नकोस. मी नाही उठवलं. शहाण्यासारखी खेळत बसले. मध्ये एकदा तिच्या अंगाला हात लावला तर गार लागलं. मला वाटलं, फरशी गार म्हणून ती पण गार. छाती हलत नाहीये ते मला दिसलं होतं, मॅडम. मला दिसलं होतं. पण उठवू नकोस म्हणून सांगितलं होतं ना."

 प्रज्ञा तिच्या आवाजातला प्रत्येक चढउतार ऐकत होती.

"संध्याकाळी आप्पा आले. नंतर मला जवळ घेऊन म्हणाले, तू दिवसभर घरात होतीस हे कुणाला सांगू नकोस. लोक बोलतील, हिने उठवायचं होतं म्हणतील. सगळ्यांना त्यांनी सांगितलं, पोरगी मामाकडे होती. मी मामाकडेच होते, असं मी पण म्हणायला लागले. त्यांना वाटतं मी ते विसरलेय. त्यांनी झोपू दे म्हटलं होतं, ते तर त्यांना स्वतःलाही आठवू नये अशी माझी इच्छा आहे."

"हे समितीला सांगितलं तर दहा मिनिटांत सगळं मिटेल," प्रज्ञा म्हणाली.

"आणि ते इस्पितळभर होईल. तिथून आप्पांपर्यंत यायला किती वेळ लागतो? नाही. तुम्हीही सांगायचं नाही." तिने पहिल्यांदाच प्रज्ञाकडे सरळ बघितलं. "तुम्ही माझं न विचारता घेतलंत. हे मी दिलंय. ते तरी ठेवा."

*

समितीसमोरची साक्ष पट्टी बांधून द्यायची, असा नियम होता. हे कोर्ट नव्हतं, त्यामुळे गप्प राहायचा हक्क कुणालाच नव्हता. पट्टी नाकारली तर लेखातल्या शब्दांचा सरळ अर्थच खरा धरला जाणार होता, म्हणजे सानिकाचं काम कायमचं गेलं.

लांब टेबलाच्या पलीकडे सदलगे आणि आणखी दोघं बसले होते. भिंतीवर मोठा पडदा होता. कडेच्या खुर्चीत भरतेश होता, पोटावर हात धरून, अजून जरा वाकूनच बसलेला. प्रज्ञाच्या गळ्याला पट्टी बांधली गेली. एक सेकंदभर जरी ती गप्प बसली, तरी कपड्यांच्या दोऱ्यांपाशी ऐकलेलं सगळं त्या भिंतीवर येणार होतं. विचार करायचा नाही असं ठरवलं की तोच विचार येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"डॉ. उपाध्ये," सदलगे म्हणाले, "या वाक्यांचा अर्थ तुम्हाला माहीत आहे का?"

"अर्थ सांगायचा तर आधी ही पद्धत कशी चालते ते दाखवावं लागेल," प्रज्ञा म्हणाली, "मी दाखवते, मला थांबवू नका, मनात येईल ते बोलते, हा पंखा बघा, याचा आवाज आमच्या बेळगावच्या घरातल्या पंख्यासारखा आहे, त्याला निळी पाती होती, निळ्या रंगाची माझी एक चप्पल होती, ती पावसाळ्यात गटारात वाहून गेली, बहीण हसली, बहिणीचे केस लांब होते, आई तिच्या केसांना तेल लावायची—"

आई म्हणताच तिला तो उतार जाणवला. धागा स्वतःहून तिकडेच निघाला होता. श्वास घ्यायलाही ती थांबत नव्हती. श्वास आत घेतानाही ती शब्द ओढत होती. भिंतीवरचा पडदा कोरा होता.

"—खोबरेल तेल, थंडीत गोठायचं, बाटली उन्हात ठेवायची, उन्हात मिरच्या वाळायच्या, दुपारी सगळे आडवे व्हायचे, आई फरशीवर—"

तिची जीभ अडखळली. भिंतीवर एक शब्द उमटला. गार. सदलगे पुढे वाकले.

आता धागा हाताने तोडायला हवा होता, आणि तोडण्याइतकी जड अशी एकच गोष्ट तिच्यापाशी होती. तिने कडेच्या खुर्चीकडे बघितलं नाही.

"—गार पाणी प्यायचं नाही असं मी नवऱ्याला सांगते, त्याची फार काळजी घेते, आणि त्याच तोंडाने सांगते की हे ऑपरेशन ठरलं तेव्हा माझ्या मनात आलं, भरतेश उठला नाही तर, उठला नाही तर मी घर विकीन आणि पुण्याला जाईन, एकटी राहीन, खिडकीशी टेबल ठेवीन, कुठे गेली होतीस असं मला कुणी विचारणार नाही, हे मी याच पट्टीने वाचलंय, माझेच शब्द, डॉ. मगदूम यांच्या शब्दांहून शंभरपट वाईट, मी तर नाव घेतलंय, जागा ठरवलीय, मग मला का नाही कामावरून काढलं, मी मारणार होते का त्याला, मी त्याच्या उशाशी बसून देवाचं नाव घेत होते, दोन्ही खरं आहे, आणि तिसरं सांगते—"

ती सांगत राहिली. स्वतःच्या बहिणीबद्दलचा हेवा, एका रुग्णाबद्दल वाटलेलं आकर्षण, सासूच्या आजारपणात आलेला कंटाळा, एकेक करून सगळं ती त्या टेबलावर ठेवत गेली. घसा सुकला, आवाज फाटला. समोरचे दोघं खाली बघायला लागले. त्यांना आता तिची नाही, स्वतःची भीती वाटत होती. आपल्या गळ्याला ही पट्टी बांधली तर, हे त्यांच्या चेहऱ्यांवर वाचायला यंत्र लागत नव्हतं.

"पुरे," सदलगे शेवटी म्हणाले. "पट्टी काढा त्यांची."

पट्टी सुटेपर्यंत ती बोलत होती.

*

केवळ मूकलेखातल्या शब्दांवरून हेतू सिद्ध होत नाही, असं समितीने लिहिलं. महिनाभराने सानिका कामावर परत गेली. प्रज्ञाकडे मात्र ती पुन्हा आली नाही. कोल्हापुरात कुणाकडे तरी उपचाराला जाते, असं कानावर आलं. प्रज्ञाने यंत्र परत केलं, इस्पितळाचं काम सोडलं आणि पूर्वीसारखी मोकळ्या हाताने रुग्णांमागे बसायला लागली. कुणी गप्प झालं की अजून तिची नजर मांडीकडे जाते.

पण साक्षीच्या त्या दुपारी हे काहीच तिला माहीत नव्हतं. ती आणि भरतेश गाडीत बसले. गाडी चालकाशिवाय, आपली आपण रस्त्याला लागली. इस्पितळ मागे पडलं, बाजार मागे पडला, वस्ती विरळ झाली. तिचा घसा पार बसला होता.

"पुण्यात कुठे?" भरतेशने विचारलं.

"काय?"

"घर. कुठे घेणार होतीस?"

"ते ठरवलं नव्हतं," ती कशीबशी म्हणाली.

"हं."

त्याने मान हलवली आणि समोर बघत बसला. रागावलाय, दुखावलाय, की पोट दुखतंय, काही कळायला मार्ग नव्हता. मनात काय चाललंय, हा प्रश्न तिने जन्मभर परक्या माणसांना विचारला होता. तो आता तिला उच्चारता येईना.

त्याचे ओठ मिटलेले होते, पण कंठमणी किंचित हलला. थांबला. पुन्हा हलला.

प्रज्ञाने मान वळवली आणि घर येईपर्यंत ती खिडकीबाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत राहिली.